गावरान आंबा घ्यायचा तर आधी झाड विचारा

गावरान ही आंब्याची एक जात नव्हे. कोयीपासून उगवलेलं प्रत्येक झाड स्वतःच एक जात असतं. त्याचा रस वेगळा, धागा वेगळा, पाड लागायचा दिवससुद्धा वेगळा. म्हणून बाजारात "गावरान आहे का?" एवढं विचारून काही हाती लागत नाही. "कोण्या झाडाचा आहे?" असं विचारलं की टोपलीमागची बाई नीट सांगायला लागते: नाल्याकाठचा, विहिरीवरचा, पाटलाच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा. हा पत्ता लिहून ठेवा, पुढच्या वर्षी तोच कामी येतो.

नावं आहेतच. देठाशी शेंदरी रंग चढतो तो शेंदऱ्या. गर घट्ट आणि धागा कमी तो खोबऱ्या. शेपूच्या भाजीसारखा वास येतो तो शेप्या, आणि तो एक तर फार आवडतो नाहीतर अजिबात नाही. साखऱ्या, लहान गोल गोटी, लांबुळका केळ्या ही नावंही ऐकू येतात. पण एका गावचा शेंदऱ्या आणि दहा कोसांवरचा शेंदऱ्या यांचं नातं फक्त रंगापुरतं असतं. नावावर विसंबून शेकडाभर आंबे उचलू नका. एक चोखून पाहा, मग भाव करा.

वेळेचा हिशोब पक्का हवा. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, रस लागतो, पण तेव्हा आपल्या विदर्भातला गावरान बहुधा कच्चाच असतो. त्या दिवसांत गुजरीत (गावच्या बाजारात) दिसतो तो बहुतेक आंध्र-तेलंगणातून नागपूरच्या कळमना बाजारात उतरलेला बैंगनपल्ली. गावरानाचा खरा हंगाम मेच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत, काही उशिरा येणारी झाडं जूनअखेरपर्यंत. पहिला दमदार पाऊस झाला की फळमाशी वाढते. मृगानंतरचा आंबा चोखण्याआधी चिरून पाहावा तो त्यासाठीच. माशीनं अंडी घातलेल्या जागी सालीवर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो, भोवतीचा भाग दबतो, आणि दाबलं तर तिथून रस पाझरतो. अशी फळं उकिरड्यावर टाकू नका, झाडाखालीही पडू देऊ नका. अळी फळातून निघून मातीतच कोष करते. दोन फूट खड्डा करून पुरा.

टोपली एकाच झाडाची आहे की चार झाडांची मिसळ, हे पाहूनच कळतं. एका झाडाच्या फळांचा आकार लहानमोठा असेल, पण चोच आणि देठाजवळचे खांदे सगळ्यांचे सारखेच असतात. मिसळीत प्रत्येक फळाचं नाक वेगळं. मिसळ चोखायला चालते, अढीला (कुटारात घालून घरी पिकवायला) नाही, कारण निम्मे आंबे पिकून सडतात तेव्हा उरलेले दगडासारखे असतात. शेकडा म्हणजे किती नग, हेही आधी ठरवून घ्या. गावागणिक मोजणी बदलते.

रंगावर जाऊ नका. कित्येक चांगले गावरान आंबे पिकूनही हिरवेच राहतात. देठाशी नाक लावा. वास नसेल आणि साल मात्र एकसारखी पिवळीजर्द असेल, तर कार्बाइडचा संशय घ्या. असा आंबा वरून पिवळा, कोयीपाशी आंबट आणि पांढुरका निघतो, आणि दोन-तीन दिवसांत काळा पडायला लागतो. टोपलीच्या तळाशी करड्या भुकटीच्या कागदी पुड्या दिसल्या तर सरळ पुढे चला. कार्बाइडनं फळ पिकवायला कायद्यानं बंदी आहे.

सगळ्यात बरं म्हणजे झाडावरून उतरवलेला कच्चा आंबा घेऊन घरी अढी लावणं, म्हणजेच माच. फळ तयार झालं की खांदे देठाच्या वर चढतात आणि देठाची जागा खोलगट होते. खात्री करायची तर बादलीभर पाण्यात टाका: तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. कोवळा अढीत घातला तर पिकत नाही, नुसता सुरकुततो. आंबा झेल्यानंच (टोकाला जाळी लावलेल्या काठीनं) उतरवलेला असावा, बोटाच्या एका पेराएवढा देठ ठेवून. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, तिथं काळा डाग पडतो आणि पुढं तिथूनच सड लागते. उतरवल्यावर देठ खाली करून दोन-तीन तास पोत्यावर ठेवा.

अढीला पूर्व विदर्भात धानाची तणस (पेंढा), वऱ्हाडात गव्हाचं कुटार (भुसा). चार बोटं जाड थर, त्यावर एकमेकांना न चिकटता आंबे, परत कुटार. तीन थरांच्या वर जाऊ नका, खालच्यांना बाफ धरते. कुटार ओलसर असेल तर बुरशी येते, म्हणून दिवसभर उन्हात वाळवून घ्या. पडलेले, मार लागलेले आंबे अढीत घालूच नका. जागा मात्र थंड हवी. मेच्या उन्हात टिनाच्या खोलीत लावलेली अढी म्हणजे आंबा शिजवणं आहे. साल मऊ पडते, गराला ना रंग चढतो ना गोडी. मातीचं मधघर (घराची मधली खोली) असेल तर तेच उत्तम. चौथ्या दिवसापासून एक दिवसाआड हात घालून चाळा. पिकायला साधारण सहा ते दहा दिवस लागतात.

खायच्या आधी तासभर पाण्यात ठेवा, देठाकडचे पहिले दोन थेंब पिळून टाका. धागेवाल्या आंब्याचा रस हातानंच काढावा. मिक्सरमध्ये धागा तुटून रसात मिसळतो आणि घशाशी लागतो.

आता खरी काळजीची गोष्ट. ही झाडं कमी होत आहेत. धुऱ्यावरचं झाड पिकावर सावली धरतं म्हणून तोडतात, लाकूड आरागिरणीवर जातं. 1964 च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आंबा आहे, परवानगीशिवाय तोडता येत नाही, तरी तोडतात. आवडलेल्या आंब्याची कोय लावली तर तेच फळ मिळेल असं समजू नका. आपल्याकडच्या आंब्याच्या कोयीत आईचंच रूप उतरत नाही. त्याला कलमच करावं लागतं.

कोय कलम म्हणजे कोयीच्या कोवळ्या रोपावर आवडत्या झाडाची काडी बसवणं. ते जुलै-ऑगस्टमध्ये करा. खायच्या आंब्याच्या ताज्या कोयी आठवड्याभरात वाळूच्या वाफ्यात पेरा, वाळलेली कोय उगवत नाही. रोप 10 ते 15 दिवसांचं, पानं अजून तांबूस असताना कोयीसकट उपटा. कोयीपासून चार बोटांवर खोड कापून मधोमध 4 सेंटिमीटरची चीर द्या. काडी त्या जुन्या झाडाची: 3-4 महिन्यांची, रोपाच्या खोडाएवढी जाड, शेंड्याचा डोळा फुगलेला. तिची पानं 8-10 दिवस आधीच देठ ठेवून छाटा. काडीला पाचरीसारखा आकार देऊन चिरेत बसवा. जाडी जुळत नसेल तर निदान एका बाजूची साल सालीला भिडलीच पाहिजे. प्लास्टिकच्या पट्टीनं खालून वर घट्ट बांधा, पाणी शिरलं की कलम काळं पडतं. रोपाची पानं हिरवी होऊन खोड कडक झालं असेल तर त्यावर वेळ घालवू नका.

म्हाताऱ्या झाडावर अशी काडी मिळणं हीच खरी अडचण असते. उन्हाकडच्या, यंदा न फळलेल्या फांदीवर पाहा. बरेच गावरान आंबे एक वर्षाआड फळतात, त्यामुळे ज्या साली आंबे नसतात त्याच साली काड्या भरपूर मिळतात. झाडमालकाला एक कलम बांधून द्या, म्हणजे पुढच्या वेळी तो स्वतःच शिडी धरतो.