खिडकीची कडा मोकळी केली

मंगळवार, रात्री उशिरा

आज माझ्या विंडोज प्रोग्रॅममधल्या नोंदी भरायच्या फॉर्मचं कुलूप काढलं, म्हणजे त्याच्या खिडकीचा आकार पुन्हा बदलता येईल असा केला.

कुलूप मीच घातलं होतं. खिडकी ताणली की बटणं एका कोपऱ्यात गोळा व्हायची आणि उरलेली जागा भकास दिसायची. मांडणी सुधारायला वेळ नव्हता, म्हणून फॉर्मबॉर्डरस्टाइल या खिडकीच्या कडेच्या सेटिंगला फिक्स्डसिंगल दिलं, म्हणजे कडा ओढून आकार बदलता येत नाही. तरी टायटल बारवर डबल क्लिक केलं की फॉर्म पूर्ण स्क्रीनभर पसरायचाच. कडा गोठवल्या तरी मॅक्झिमाइझ चालू राहतं, हे तेव्हा कळलं. मग मॅक्झिमाइझबॉक्सही फॉल्स, म्हणजे बंद केला आणि काम झालं असं समजले.

काल नोंदी भरणाऱ्या सहकारी बाईंचा फोन आला. "जतन कराचं बटणच दिसत नाही हो." त्यांच्या लॅपटॉपची स्क्रीन १३६६ बाय ७६८ ची, आणि अक्षरं बारीक दिसतात म्हणून स्केलिंग, म्हणजे सगळं मोठं करून दाखवायची सेटिंग, १२५ टक्के. माझा फॉर्म ६२० पिक्सेल उंच. सव्वापट केला की ७७५. हिशोब कागदावर मांडला आणि पोटात गोळा आला. शेवटची ओळ त्यांच्या स्क्रीनवर मावणारच नव्हती, आणि खिडकी लहान करायची सोय मी काढून घेतली होती. त्या रोज टॅब दाबत दाबत, न दिसणाऱ्या बटणावर पोचल्याचा अंदाज घेऊन एंटर मारत होत्या. किती दिवस, ते विचारायचा धीर झाला नाही.

आज दिवसभर तेच केलं. ओळी-रकान्यांत मांडणी करणारं टेबललेआउटपॅनेल घेतलं, यादीच्या ओळीला १०० टक्के (उरलेली सगळी जागा), बटणांच्या ओळीला ऑटोसाइझ (लागेल तेवढीच). आता खिडकी आखडली तर यादी आखडते, बटणं जागची हलत नाहीत. कडा पुन्हा सायझेबल, आणि मिनिममसाइझ ४८० बाय ४००. खरं तर मला एवढीच मर्यादा हवी होती: याहून लहान नको. पण मी सगळंच बंद करून बसले होते.

पासवर्डची छोटी खिडकी मात्र फिक्स्डडायलॉगच, म्हणजे न ताणता येणारी ठेवली. दोन रकाने, दोन बटणं. तिथे ताणून कुणाला काय मिळणार?

खिडक्या बनवायच्या इतर साधनांतही हे कुलूप तसंच सोपं: पायथनच्या टीकेइंटरमध्ये रूट.रिसाइझेबल(फॉल्स, फॉल्स) एवढ्यावर होतं, क्यूटीमध्ये सेटफिक्स्डसाइझ. एका ओळीचं काम आहे, म्हणूनच हात पटकन तिकडे जातो. लिनक्सवर एक्स११ या खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणेत तर ती नुसती विनंती असते: किमान आणि कमाल आकार सारखाच कळवायचा. खिडक्या मांडणारा विंडो मॅनेजर ती मानेलच असं नाही. म्हणजे तिथेही मांडणी नीट असण्यावाचून सुटका नाही.

संध्याकाळी नवी आवृत्ती पाठवली आणि बाईंची स्क्रीन शेअर करून पाहिली. त्यांनी आधी बटण शोधलं नाहीच. खिडकी डाव्या कडेला नेऊन अर्ध्या स्क्रीनवर बसवली आणि उजवीकडे स्कॅन केलेला कागद उघडला. "आता बघून बघून भरता येईल," म्हणाल्या.