बोरघाटाचं रिव्हर्सिंग स्टेशन आठ फुटी फळीवर: आखणी पक्की झाली

घरातल्या फळीवर बोरघाटाची छोटी मॉडेल रेल्वे करतोय, तिची आखणी एकदाची पक्की झाली. आता रूळ ठोकायला हरकत नाही. बेळगावात बसून बोरघाट कशाला, कॅसलरॉकचा घाट हाकेच्या अंतरावर आहे की, असं बरेच जण विचारतात. कॅसलरॉक मलाही प्रिय. पण जुन्या बोरघाटात, १८६३ पासून १९२९ पर्यंत, गाडी खंडाळ्याखाली एका बंद टोकात (हेच रिव्हर्सिंग स्टेशन) शिरायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लागायचं आणि गाडी उलट्या तोंडाने वर निघायची. माझ्यासारख्या अरुंद खोलीवाल्याला हाच घाट परवडतो.

हिशेब असा. चढ ३७ फुटांत एक फूट. एचओ स्केलमध्ये (मॉडेल रेल्वेचं माप, खऱ्याच्या ८७ पट लहान, १:८७) वेटोळं घालून रुळावरून रूळ न्यायचा तर मध्ये साधारण ७५ मि.मी. मोकळी उंची हवी. या चढाने ती गाठायला पावणेतीन मीटर रूळ लागतो, वर वळणाची रुंदी वेगळीच. उलटसुलट चढणीत रूळ एकमेकांना ओलांडतच नाहीत. सव्वा मीटरात ३३-३४ मि.मी. चढलो तरी दोन रुळांमध्ये कडा छान बसतो.

मात्र सगळं त्या बंद टोकाच्या लांबीवर अडतं. पहिली रेघ तिथूनच ओढा. माझ्याकडे ६० सें.मी. निघाले: त्यात २० सें.मी.चं इंजिन आणि १० सें.मी.चे चार चारचाकी डबे. मेल गाडीचा नाद सोडला. हा तुकडा मी सपाट ठेवतोय, नाहीतर इंजिन सुटलं की डबे आपले चालले कर्जतला.

गेजचं, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचं, दुखणं आहेच. १,६७६ मि.मी.चं ब्रॉडगेज १:८७ मध्ये १९.३ मि.मी. होतं, तयार रूळ मिळतो १६.५ चा. मिरजेत ब्रॉड, मीटर आणि नॅरो तिन्ही शेजारी पाहिलेल्या डोळ्यांना तो फरक टोचणारच. तरी प्रत्येक सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जागा) हाताने बनवण्यापेक्षा टोचून घेतलेलं बरं.

एका मित्राने कौतुकाने खानापूरकडची तांबडी माती पिशवीभर आणून दिली. रंग झकास, पण बोरघाट काळ्या पाषाणाचा. ती माती कॅसलरॉक करीन तेव्हा.

आता कॅच सायडिंग. उतारावर ब्रेक निकामी झालेली गाडी चढत्या फाट्यावर जाऊन थांबावी म्हणून सांधा कायम त्या फाट्याकडेच लावलेला असे. उतरणारी गाडी आधी थांबायची, ती ताब्यात आहे अशी खात्री पटली की मगच सांधेवाला मुख्य मार्ग द्यायचा. हे मला सर्वो मोटरने (हव्या तेवढ्या कोनात फिरणारी छोटी मोटर) करायचंय: गाडी दहा सेकंद उभी राहिली तरच सांधा फिरेल. थांबलेली गाडी ओळखायला रुळाखाली इन्फ्रारेड सेन्सर बसवू की करंट मोजू, यावर अनुभवी मंडळींनी बोलावं. फळीला भोकं पाडायची अजून बाकी आहेत.