व्हॅले ब्लांश: हिमनदीवरून स्की करत उतरायला आपण तयार आहोत का?

फ्रान्सच्या आल्प्समध्ये, शामोनी गावाच्या वर, व्हॅले ब्लांश ही हिमनदीवरून स्की करत उतरायची प्रसिद्ध वाट आहे. तिच्याबद्दल कुणाही स्की करणाऱ्याला विचारा, उत्तर ठरलेलं असतं: 'अवघड नाहीये, लाल पिस्ट नीट येत असेल तर जमेल.' (पिस्ट म्हणजे आखून, दाबून तयार केलेली स्कीची वाट; लाल म्हणजे बऱ्यापैकी अवघड, काळी सगळ्यात अवघड.) नुसता उतार बघितला तर हे खरं आहे. नेहमीच्या वाटेवर छातीत धडकी भरेल असे उतार फार थोडे आहेत. पण युरोपात राहणारी आपली बरीच मंडळी तेवढं एक वाक्य ऐकून गाइड ठरवतात. भारतातून येणारे, औली किंवा गुलमर्गला शिकलेले, तर वर्षभर आधी तिकिटं काढून येतात. म्हणून हा वृत्तांत जरा तयारीच्या अंगाने लिहितो आहे. यंदा मार्चमध्ये आम्ही चौघं शामोनीला गेलो आणि हिमनदीवरून तिघं उतरलो. चौथी मैत्रीण का उतरली नाही, ते पुढे सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त त्यातूनच समजलं.

आधी वाटेविषयी. शामोनी गाव 1035 मीटरवर आहे. तिथून केबल कारने प्लां द लेग्वीय, मग दुसऱ्या टप्प्याने थेट एग्वीय द्यु मिदी. हा सुळका 3842 मीटर उंच आहे आणि वर नेणारी ही केबल कार 1955 सालापासून चालू आहे. वरून खाली सुमारे वीस किलोमीटरची वाट. बर्फ गावापर्यंत टिकलेलं असेल तर उंचीतला फरक पावणेतीन हजार मीटरच्या आसपास भरतो. ही पिस्ट नव्हे. कडेला खांब नाहीत, रात्री बर्फ दाबून सपाट करणारं यंत्र नाही, गस्त नाही. खाली वाहती हिमनदी आहे, तिच्यात भेगा आहेत आणि त्यातल्या कित्येक हिवाळी बर्फाच्या पुलांनी झाकलेल्या असतात. पूल किती जाड आहे ते वरून दिसत नाही.

तयारी ओळखायची माझ्या मते एकच खरी कसोटी आहे. गाइडने काठीने दाखवलेल्या जागी, तो म्हणेल तेव्हा, थांबता येतं का? बर्फ कसलंही असो, पाठीवर पिशवी असो, मांड्या भरून आलेल्या असोत. वेग, डौल, किती काळ्या पिस्ट केल्या, हे सगळं त्यानंतर. गाइड पुढे जातो, भेगांच्या रांगा ओळखून वाट काढतो आणि सुरक्षित जागी थांबतो. 'माझ्या वर थांबा, खाली येऊ नका' असं तो म्हणतो तेव्हा त्याच्याखाली काय आहे ते फक्त त्याला माहीत असतं.

आमच्या गाइडने आदल्या सकाळी शामोनीजवळच्या ग्रां मोंते या स्की-रिसॉर्टला बोलावलं होतं. ही सकाळ मिळत असेल तर पैसे वाचवायला ती टाळू नका. पिस्टवरच्या आमच्या लांबलचक वळणांकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. पहिल्याच फेरीत आम्हाला कडेच्या बर्फात नेलं. आदल्या दिवशी शेकडो लोकांनी तुडवलेलं, दुपारी वितळलेलं आणि रात्री गोठलेलं ते बर्फ होतं. वरचा थर काही ठिकाणी माणसाचं वजन पेलतो आणि काही ठिकाणी पापडासारखा मोडतो. तिथे त्याने सांगितलं: माझ्या वाटेच्या रुंदीतच छोटी वळणं घ्यायची आणि माझ्या काठीच्या वर थांबायचं. मग स्की आडव्या ठेवून कडेकडेने घसरत उतरायला लावलं. मग उभ्या जागी एक स्की उचलून उलट दिशेला वळवायची, ती 'किक टर्न'. आणि शेवटी हे सगळं पाठीवर पिशवी घेऊन पुन्हा.

आमची मैत्रीण पुण्याची. गुलमर्गला शिकलेली, खोल भुसभुशीत बर्फात आमच्या सगळ्यांत देखणं स्की तीच करते. गुलमर्गचा गंडोला, म्हणजे केबल कार, जवळजवळ चार हजार मीटरवर नेतो, त्यामुळे उंचीचाही तिला सराव. सह्याद्रीतले अलंग-मदन-कुलंग हे अवघड गड केलेली, दृष्टिभय (खोल दरी बघून वाटणारी भीती) नावालाही नाही. पण त्या कडक थरावर ती मागे रेलायला लागली. वळण सुरू व्हायला उशीर, म्हणून वळण रुंद, म्हणून वेग जास्त, आणि थांबायची ती दर वेळी काठीच्या चार-पाच मीटर खाली. गाइडने शांतपणे सांगितलं, 'उद्या या पाच मीटरात भेग असू शकते.' निर्णय तिनेच घेतला आणि तो अगदी योग्य होता. कमी पडत होती ती एकाच प्रकारच्या बर्फावर. डोंगरातला एकूण अनुभव आणि नको त्या बर्फावर ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण ट्रेकर मंडळी पहिलीच्या भरवशावर दुसरी गृहीत धरतो.

गाइडबरोबर अशी सकाळ मिळत नसेल तर स्वतःच्या नेहमीच्या रिसॉर्टमध्ये परीक्षा घेता येते. दुपारी तीननंतर, पिस्टवर ढिगारे झालेले असताना जा. सात-आठ किलोची पिशवी घ्या. हजार मीटरचा उतार एक-दोनदाच थांबून उतरा. सोबत्याला मधे कुठेही उभं करा आणि त्याच्या वर, हाताच्या अंतरावर थांबून दाखवा, डावीकडून आणि उजवीकडून. एका बाजूला जमतं आणि दुसऱ्या बाजूला नाही, असं फार जणांचं असतं. शेवटच्या दोनशे मीटरांत पडायला लागलात तर पाय तयार नाहीत. मग आठवड्यातून तीनदा जिने चढा-उतरा, आणि पुढच्या हंगामाचा विचार करा.

आता प्रत्यक्ष दिवस. केबल कारमधून बाहेर पडलं की बर्फात कोरलेला बोगदा लागतो. तिथे सगळे ओणवे होऊन स्की-बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे लोखंडी काटे, बांधत असतात. बोगद्याच्या तोंडाशी फाटक, आणि त्याच्यापलीकडे अरेत, म्हणजे बर्फाची अरुंद धार. डावीकडे थेट शामोनीची घरं दिसतात, उजवीकडे हिमनदीचा उतार. हंगामात इथे सहसा आधाराचे दोर लावलेले असतात, तरी गाइड सगळ्यांना एका दोरात बांधतो आणि स्वतः सर्वांत मागे राहतो, म्हणजे कुणी घसरलं तर वरून धरता येतं. इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. पिशवीला बांधलेल्या स्की फार खाली लोंबत असतील तर उतरताना त्यांची शेपटी मागच्या पायरीवर टेकते आणि माणूस पुढे ढकलला जातो. स्की जितक्या वर बांधता येतील तितक्या बांधा आणि बोगद्यात दोन पावलं वाकून बघा. सह्याद्रीतल्या सवयीचा इथे मात्र खरोखर उपयोग होतो. ज्यांना दृष्टिभय आहे त्यांनी गाइडला आधी सांगावं. त्यांच्यासाठी इटलीच्या बाजूने, कुर्मायरहून स्कायवे केबल कारने 3466 मीटरच्या पुआंत हेलब्रॉनरला जाऊन याच हिमनदीवर उतरण्याचा पर्याय आहे. त्या बाजूला ही धार लागत नाही.

धार संपली की स्की घालायच्या, आणि त्यानंतर हिमनदीवर गाइडने सांगितल्याशिवाय काढायच्या नाहीत. स्कीमुळे वजन लांबीभर पसरतं. बूट तेच वजन एका जागी दाबतो आणि पुलातून पाय आत जातो. वरचा भाग, मों ब्लां द्यु ताक्युल शिखराच्या पायथ्याचा, रुंद आणि सौम्य आहे. मोकळं पांढरं मैदान बघून वाट सोडून आपली रेघ मारायचा मोह इथेच होतो. करू नका. वळून वर बघा, मिदीची दक्षिण भिंत तांबूस दगडाची आहे आणि सकाळच्या उन्हात ती बघायला थांबावंच.

रकँच्या रेफ्यूजकडे (डोंगरातल्या निवाऱ्याकडे) जाताना जेआंचा हिमप्रपात लागतो, घरांएवढे निळे ठोकळे आणि त्यांच्यामधून वाट. सगळ्यात उभा आणि भेगांचा भाग हाच. आदल्या दिवशी घोकून घेतलेलं सगळं इथे लागलं: ठोकलेली अरुंद वाट, गोठलेले चर, 'माझ्या वर थांबा'. ठोकळ्यांखाली रेंगाळायचं नाही, फोटोलाही नाही. त्याच्याखाली सपाटीवर लोक डबे उघडतात. त्या जागेला फ्रेंच लोक 'साल आ मांजे', म्हणजे जेवणाची खोली म्हणतात.

पुढची मेर द ग्लास ही हिमनदी लांब आणि जवळजवळ सपाट आहे. काठ्यांनी ढकलत जावं लागतं, म्हणून स्नोबोर्डवाल्यांनी नीट विचार करावा. शेवटी बर्फ कमी असेल तर मोंतांव्हेर या रेल्वे-स्थानकाच्या गोंडोल्याने वर येऊन लाल रेल्वेने गावात उतरायचं. हिमनदी इतकी खचली आहे की जुन्या गोंडोल्यापर्यंत चढायला पाचशेच्या वर पायऱ्या झाल्या होत्या, म्हणून 2024 मध्ये हिमनदीच्या वरच्या अंगाला नवा गोंडोला सुरू झाला. जुन्या वाटेवर अमुक साली बर्फ इथवर होतं अशा पाट्या आहेत. त्या वाचताना मला फार वाईट वाटलं. आमची मैत्रीण सकाळी आमच्याबरोबरच मिदीला आली होती (वर जायला स्की लागत नाही), मग खाली उतरून रेल्वेने मोंतांव्हेरला येऊन थांबली. कुणी मागे राहणार असेल तर हा बेत छान जमतो, फक्त शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच बघून ठेवा.

सामानात हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा), हिमस्खलनात शोधायचा ट्रान्सीव्हर, फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) प्रत्येकाकडे हवंच. बहुतेक गाइड ते देतात, पण ट्रान्सीव्हर वापरून शोधायचा सराव आदल्या दिवशी करून घ्या, कारण गाडला गेलेला माणूस गाइडच असू शकतो. केबल कार अर्ध्या तासाच्या आत तुम्हाला पावणेतीन हजार मीटर वर नेते, तेव्हा विमानातून उतरून दुसऱ्या दिवशी जाऊ नका. आधी दोन-तीन दिवस वरच्या भागात स्की करा. विम्याच्या कागदात ऑफ-पिस्ट (पिस्टबाहेरचं स्की), हिमनदी आणि हेलिकॉप्टरने सुटका हे तिन्ही शब्द स्वतः शोधा. क्रेडिट कार्डावरच्या विम्यात ते असतीलच असं नाही.

आणि गाइड हा उच्च पर्वतीय गाइडच हवा, यूआयएजीएम या पर्वतीय गाइडांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा बिल्ला असलेला. फ्रान्समध्ये स्की शिक्षकाला हिमनदीवर गट न्यायची परवानगी नाही, मग तो कितीही चांगला शिकवणारा असो. त्याला मेल करताना 'इंटरमीडिएट' असा मोघम शब्द लिहू नका. गेल्या हंगामात कुठल्या रिसॉर्टमध्ये, कुठल्या पिस्टवर, कसल्या बर्फात किती उतरलात ते लिहा. कडक बर्फात काय होतं ते लिहा. गटातल्या सगळ्यात कच्च्या माणसाबद्दल वेगळं लिहा, कारण गट त्याच्या वेगाने चालतो. आणि विचारा, आदल्या दिवशी अर्धा दिवस द्याल का, आणि आमच्यातला एखादा तयार नसेल तर त्याच पैशांत दुसरीकडे कुठे नेता येईल?