दोन्ही एसएसडी एकाच क्षणी

चवथ तोंडावर आली की गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचं, सामान येतं आणि पतसंस्थांत पैसे काढायला रांग लागते. अशाच एका दुपारी एका पतसंस्थेत करंट गेला. जनरेटर सुरू होईपर्यंतची दहाबारा सेकंदं यूपीएसनं तगायचं असतं. तिथल्या बॅटऱ्या बदलायचा प्रस्ताव संचालक मंडळापुढे पडून होता, त्यामुळे यूपीएस तगला नाही. सर्व्हर परत उठला, पण डेटाबेस उघडेना. मला बोलावणं आलं.

या सर्व्हरमध्ये पूर्वी ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या) चार हार्ड डिस्क होत्या. तबकडीच्या एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी त्याच्या निम्मा वेळ, आणि हेड सरकायचा वेळ वेगळा. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेल्या नोंदी वाचायच्या तर एका डिस्कमागे सेकंदाला जेमतेम शंभर. महिनाअखेरची व्याजआकारणी त्यामुळे रात्रभर चाले. आधीच्या एजन्सीनं यावर उपाय केला तो असा: लॅपटॉपमध्ये घालतात तशा दोन एसएसडी (तबकडीऐवजी फ्लॅश चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्क) दुकानातून आणून रेड-१ मध्ये, म्हणजे दोन्हींवर एकच डेटा राहील अशा जोडीत, बसवल्या. व्याज तासाभरात होऊ लागलं. सगळे खूश.

तेवढ्यावर थांबले असते तरी कदाचित निभावलं असतं. पण आणखी वेग हवा म्हणून कोणीतरी ही जोडी सांभाळणाऱ्या रेड कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्कची स्वतःची राइट कॅश, म्हणजे लिहायचा डेटा आधी तात्पुरता धरून ठेवणारी मेमरी, चालू करून ठेवली होती. कंट्रोलरच्या कॅशला बॅटरी होती. या एसएसडींच्या कॅशला काहीच नव्हतं. सर्व्हरसाठीची एसएसडी उघडलीत तर आत कपॅसिटरची, म्हणजे थोडी वीज साठवणाऱ्या भागांची, रांग दिसते. वीज गेल्यावर हे कपॅसिटर काही मिलिसेकंद पुरतात आणि तेवढ्यात कॅशमधला डेटा, शिवाय कुठला ब्लॉक कुठे आहे तो नकाशा, फ्लॅशवर उतरवला जातो. स्वस्तातल्या एसएसडीत ती रांगच नसते. ‘लिहिलं’ असं उत्तर मात्र ती तितक्याच आत्मविश्वासानं देते.

रेड-१ एक डिस्क मेली तर वाचवते. इथे दोघींना तोच डेटा, त्याच वेळी लिहायला मिळत होता आणि वीजही एकाच क्षणी गेली. एक तर बायोसमध्ये, म्हणजे सर्व्हर सुरू होतानाच्या स्क्रीनवरही, दिसेचना. दुसरी दिसत होती, पण डेटाबेसची काही पानं अर्धी जुनी, अर्धी नवी. हार्ड डिस्क निदान टकटक तरी करते, लॅबमध्ये हेड बदलून घेता येतात. ही गप्प.

जोडीतल्या दोन्ही एसएसडी एकाच बॅचच्या नकोत असं मी नेहमी सांगतो. २०१९च्या नोव्हेंबरात एका मोठ्या सर्व्हर कंपनीनं जाहीर केलं होतं की तिच्या काही एसएसडी फर्मवेअरमधल्या (आतल्या प्रोग्राममधल्या) चुकीमुळे ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील. म्हणजे एकाच दिवशी बसवलेल्या असतील तर एकाच वेळी. गोव्यात काय किंवा कुठे काय, ऐकतो कोण? खरेदी म्हणजे ‘किती टीबी, कितीला’ एवढंच.

डेटा परत आला तो बॅकअपमधून, आदल्या रात्रीचा. तो ठेवायच्या नॅसमध्ये, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणपेटीत, दोन साध्या हार्ड डिस्क होत्या. सकाळपासूनचे व्यवहार कॅशियरबायनं व्हाउचरवरून पुन्हा भरले. स्क्रोल, म्हणजे रोजच्या व्यवहारांची यादी, ती हातानं लिहिते म्हणून एजन्सीची पोरं तिला हसायची.

चेअरमन सगळं बघत उभे होते. शेवटी म्हणाले, “म्हणजे हार्ड डिस्कच पावली ना रे? मग सर्व्हरातही तीच घाला.”

डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर त्यांचा निष्कर्ष अगदी बरोबर होता, हीच अडचण. मी सांगून पाहिलं की हार्ड डिस्कमध्येही कॅश असते, ती चालू ठेवून वीज गेली तर तीही डेटा गमावेल. बॅकअपसाठी तीच योग्य, कारण तिथे सलग लिहायचं असतं आणि टीबीमागे ती स्वस्त पडते. डेटाबेसला मात्र कपॅसिटरवाली एसएसडीच हवी. “कपॅसिटर फॅनला असतो तो?” त्यांनी विचारलं. हो म्हणावं की नाही, मला कळेना.

मंडळानं चार नव्या हार्ड डिस्क मंजूर केल्या. व्याज परत रात्रभर चालतं. मी एसएसडीचं कोटेशन पुन्हा पाठवलंय. या वेळी कपॅसिटरचा उल्लेख न करता ‘सर्व्हरसाठीची’ एवढंच लिहिलंय, आणि शेजारी व्याजआकारणीला लागणारे तास.