सिंगापूरहून तीन-चार रात्रींची क्रूझ: पेनांग आणि फुकेत आपलं आपण फिरताना

कार्यक्रमपत्रिकेवर लिहिलेलं असतं: पेनांग, दुपारी २ ते रात्री ११. वाचणारा नऊ तास मोजतो आणि टेकडी, देऊळ, किल्ला, बाजार, समुद्रकिनारा असं सगळं त्यात कोंबतो. प्रत्यक्षात हातात सहा तास पडतात. जहाज धक्क्याला लागल्यावर परवानगी मिळून, हजारो लोकांच्या रांगेतून बाहेर पडेपर्यंत ३ वाजतात. परत चढायची शेवटची वेळ निघण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते, आणि अनोळखी शहरातून येणाऱ्याने त्याच्याही पाऊण तास आधी धक्क्यावर असावं. म्हणजे सव्वानऊ. जहाजाची सहल न घेता स्वतः फिरायचं असेल, तर सव्वानऊपासून मागे मोजत या. बाकीची आखणी त्यातूनच होते.

जहाज दुपारीच का पोचतं, तर सिंगापूर ते पेनांग समुद्रमार्गे जवळपास पावणेचारशे सागरी मैल आहे. १८-२० नॉटच्या वेगाने वीसेक तास लागतात. संध्याकाळी ५ ला सिंगापूर सोडलेलं जहाज दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत पोचत नाही. त्यामुळे तीन रात्रींच्या फेरीत पेनांगची संध्याकाळच मिळते. चार रात्रींच्या फेरीत फुकेत जोडलेलं असतं आणि क्रम बदलू शकतो. बुकिंग करताना केबिनच्या खिडकीपेक्षा बंदरातल्या वेळा नीट वाचा.

आधी कागदपत्रं, कारण इथे चुकलं तर जहाजावर पायही ठेवता येत नाही. क्रूझला निघालात की तुम्ही सिंगापूर सोडता आणि तीन दिवसांनी पुन्हा प्रवेश करता, म्हणून सिंगापूरचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. हातात आलेल्या व्हिसावर हे स्वतः तपासा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड विमानाने येताना भरलेलं असतं. क्रूझहून परतताना ते पुन्हा भरावं लागतं, तेही पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. समुद्रावर इंटरनेट महाग असतं, तेव्हा पेनांगला उतरल्यावर तिथल्या सिमवरून भरून टाका. मलेशिया (पेनांग) आणि थायलंड (फुकेत) यांचीही आपापली डिजिटल कार्डं आहेत, थायलंडचं १ मे २०२५ पासून. व्हिसाचे नियम या दोन्ही देशांनी अलीकडे बरेचदा बदललेत, म्हणून बुकिंगच्या दिवशी एकदा आणि निघायच्या आठवड्यात एकदा सरकारी संकेतस्थळ बघा.

सिंगापूरला क्रूझची दोन टर्मिनल्स आहेत. मरिना बे क्रूझ सेंटरसाठी लाल मेट्रोचं शेवटचं स्टेशन, मरिना साउथ पियर. दुसरं हार्बरफ्रंटला, विवोसिटी मॉलला लागून. तिकिटावर नाव स्पष्ट असतं, तरी टॅक्सीवाल्याला नुसतं 'क्रूझ टर्मिनल' सांगून भलतीकडे उतरणारे निघतातच. मरिना साउथ पियर स्टेशनपासून टर्मिनल दहाएक मिनिटं चालत आहे. दोन मोठ्या बॅगा आणि आई-बाबा सोबत असतील तर सरळ ग्रॅब (अ‍ॅपवरची टॅक्सी) बोलवा.

बॅगेतून इलेक्ट्रिक किटली, इस्त्री आणि सर्ज प्रोटेक्टरवालं एक्स्टेन्शन काढून ठेवा. सकाळच्या चहासाठी किटली नेणं आपल्याकडे रीतच झाली आहे, पण आगीच्या भीतीने जहाजावर ती काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. चिवडा, खाकरा कंपनीच्या बंद पाकिटातला असेल तर सहसा अडवत नाहीत. ई-सिगारेट मात्र कोणाच्याही खिशात नको. सिंगापूर आणि थायलंड दोन्हीकडे बंदी आहे.

जहाजावरच्या खर्चासाठी कार्ड जोडतात तेव्हा फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड देऊ नका. जहाज अंदाजे रक्कम आधीच अडवून ठेवतं आणि ती सुटायला काही दिवस लागतात, नेमके बंदरात एटीएम लागतं तेच दिवस. क्रेडिट कार्ड द्या. टीप आपोआप लागते: माणशी दर रात्री साधारण १६ ते २० अमेरिकी डॉलर, लहान मुलांनाही. चौघांच्या कुटुंबाला तीन रात्रींचे दोनशेच्या आसपास डॉलर होतात. 'सर्व समाविष्ट' अशा जाहिरातीत हा आकडा बहुधा नसतो. आणि जहाज सुटताक्षणी फोन एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रावर फोन जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडतो आणि ते भारतातल्या नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाही. नुसतं व्हॉट्सअ‍ॅप मागे चालू राहिलं तरी बिल येतं.

आता पेनांग. स्वतः फिरणाऱ्यासाठी याहून सोयीचं बंदर या भागात नाही, कारण जहाज स्वेटनहॅम पियरला म्हणजे पेनांगच्या जुन्या शहराच्या, जॉर्जटाउनच्या दारातच लागतं. गेटच्या आत टॅक्सीवाले तीन तासांचे, चार तासांचे दर सांगत उभे असतात. त्यांना 'नको' म्हणून पाच मिनिटं चाला. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या साठ वर्षांनिमित्त बांधलेला साठ फुटी घड्याळ मनोरा लागतो आणि त्याला लागूनच फोर्ट कॉर्नवॉलिस. पेनांगला इंग्रजांची वसाहत उभारणारा फ्रान्सिस लाइट १७८६ साली उतरला ती ही जागा. ग्रॅब बोलवायची तर या मनोऱ्याजवळ बोलवा, धक्क्याच्या गर्दीत चालक सापडत नाही.

सहा तासांत दोनांपैकी एकच गोष्ट नीट होते: पेनांग हिल किंवा जुनं शहर. दोन्ही घेतलंत तर दोन्हीकडे फक्त रांग बघाल. ८३३ मीटर उंचीवरच्या टेकडीवर जायची रज्जू-रेल्वे पायथ्याला एअर इतामपासून सुटते. तिथवर ग्रॅबने अर्धा तास आणि साधारण १५ ते २० रिंगिट (मलेशियाचं चलन), तर 'वेल्ड की' (Weld Quay) बस थांब्यावरून २०४ नंबरच्या बसने पाऊण ते एक तास. बसमध्ये सुट्टे पैसे परत मिळत नाहीत, नेमके द्या. गाडी वर चढायला दहा मिनिटंही घेत नाही. वेळ खाते ती रांग, आणि फसवते ती उतरायची रांग. सूर्यास्त बघायला थांबलेले सगळे एकदमच खाली निघतात, शनिवार-रविवारी तर तास मोडतो. म्हणून सूर्यास्ताच्या वीस मिनिटं आधी परतीच्या रांगेत लागा, आकाश तिथूनही दिसतं. वर हवा पाचेक अंशांनी थंड असते, मुरुगनचं देऊळही आहे. केक लोक सी हे मोठं बौद्ध मंदिर टेकडीच्या वाटेवरच आहे, पण ते संध्याकाळी लवकर बंद होतं, त्यामुळे दुपारी २ ला लागलेल्या जहाजातून दोन्हीचा हट्ट धरू नका.

आमचा कौल जुन्या शहराला. २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि सगळं पायी होतं. मनोऱ्यापासून मस्जिद कपितान केलिंग रस्त्याला लागा: सेंट जॉर्जेस चर्च १८१८ चं, पुढे चिनी दयादेवीचं मंदिर, मग मागच्या क्वीन स्ट्रीटवर १८३३ चं महामारीअम्मन कोविल आणि टोकाला तमिळ मुसलमानांची मशीद. अर्ध्या तासाच्या चालीत चार धर्म. तिथून आर्मेनियन स्ट्रीट, जिथे अर्नेस्ट झकारेविच याने २०१२ मध्ये भिंतीवर खऱ्या सायकलीला जोडून मुलं रंगवली. फोटोसाठी रांग असते. ऊन उतरल्यावर वेल्ड कीला च्यू जेटी: लाकडी खांबांवर समुद्रात गेलेली घरांची गल्ली. लोक अजून राहतात, दारातून आत फोटो काढू नका. पाय दुखले तर मोफत कॅट बस याच भागात फिरते.

खाण्यात शाकाहारी माणूस फसतो तो नावात. 'भाजी' म्हणून आलेल्या पालेभाजीत बेलाचान, म्हणजे आपल्या सुकटीसारख्या आंबवलेल्या कोळंबीची चटणी, असते. पेनांगचा आसाम लाक्सा, म्हणजे आंबट रश्शातल्या शेवया, तर माशाच्याच रश्शाचा. 'ताक माऊ इकान, ताक माऊ उदांग, ताक माऊ बेलाचान' म्हणा: मासे नको, कोळंबी नको, बेलाचान नको. लिटल इंडियात केळीच्या पानावरची थाळी सहज मिळते. रोटी चनाय (पराठ्यासारखी पदरांची रोटी) मागवलीत तर सोबत नुसती डाळच सांगा, नाहीतर वाढपी सवयीने मटणाच्या रश्शाचा एक डाव वर ओततो. आणि चेंडोल चुकवू नका. पेनांग रोडच्या बाजूच्या गल्लीत हातगाडीवाला वाडग्यात बर्फाचा कीस घेतो, त्यावर पंडनच्या पानांनी हिरव्या झालेल्या तांदळाच्या जाड शेवया, चमचाभर राजमा, नारळाचं दूध आणि शेवटी काळसर ताडगुळाचा पाक. उभ्याउभ्याच खायचं, गूळ तळाला बसायच्या आत. गाड्यांवर रोखच चालते, माणशी ५०-६० रिंगिट सिंगापूरलाच बदलून घ्या.

फुकेतचा मामला निराळा. मोठी जहाजं बहुतेकदा पातोंगच्या उपसागरात नांगर टाकतात आणि छोट्या नावांतून किनाऱ्यावर नेतात, किंवा पूर्वेकडच्या आओ माखाम धक्क्याला लागतात. नावेसाठी टोकन लागतं आणि जहाजाच्या सहलीवाल्यांना आधी सोडतात. नाव आणि फळी यांच्यात पाऊल टाकताना लाट मध्येच वर उचलते. गुडघे दुखणाऱ्यांनी खलाशाचा पंजा न धरता मनगट धरावं आणि पिशवी पाठीला असावी. मे ते ऑक्टोबर नैऋत्य वाऱ्याने हा किनारा खवळतो. तेव्हा बरेचदा नावा चालत नाहीत आणि बंदर ऐनवेळी रद्दही होतं. जहाज फार तर बंदर-शुल्क परत देतं, बाहेर भरलेल्या गाडीचे पैसे बुडतात. रद्द करता येईल असंच बुकिंग करा.

फी फी किंवा जेम्स बाँड बेटाची स्पीडबोट स्वतः ठरवू नका. त्या सहली दिवसभराच्या असतात, संध्याकाळी ५-६ ला परततात आणि समुद्र उचलला तर आणखी उशिरा. बेटच बघायचं असेल तर जहाजाची सहल घ्या, कारण तिला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुमच्यासाठी थांबणार नाही. स्वतः फिरणाऱ्याने जुनं फुकेत टाउन धरावं: थलांग रोड, सोई रोमानी, रंगीत चिनी-पोर्तुगीज घरं. आओ माखामहून दहाएक किलोमीटर, पातोंगहून डोंगर ओलांडून पंधरा. पातोंगहून निळी सॉन्गथ्यू (बाकं लावलेली उघडी गाडी) स्वस्तात जाते, पण संध्याकाळी लवकर बंद होते. परतीला ग्रॅब किंवा बोल्ट धरा. स्कूटर भाड्याने घेऊ नका. आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर अपघातात विमा हात वर करतो.

फुकेतमध्ये सगळ्यात जास्त माणसं घड्याळामुळे चुकतात. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे, पण बरीच जहाजं सिंगापूरचीच वेळ चालू ठेवतात. किनाऱ्यावर सिम लागताच फोन आपोआप थाई वेळ दाखवतो: फोनवर ४ आणि जहाजावर ५. फोनची आपोआप वेळ बंद करा, नाहीतर मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून तेवढंच बघा. पेनांगला हा घोळ नाही, मलेशिया-सिंगापूर वेळ एकच.

उतरताना सोबत जहाजाचं कार्ड, पासपोर्ट (जहाजाने ठेवून घेतला असेल तर त्याची प्रत), सिंगापूरच्या व्हिसाची प्रत, एक क्रेडिट कार्ड, आणि त्या दिवसाच्या पत्रिकेचा फोटो. त्या पत्रिकेवर बंदरातल्या एजंटचा नंबर असतो. जहाज सुटलंच तर पहिला फोन त्याला करायचा. माणूस आला नाही असं दिसल्यावर केबिनच्या तिजोरीतला पासपोर्ट काढून सहसा त्याच्याकडेच देतात. पेनांगचा विमानतळ जॉर्जटाउनपासून सोळाएक किलोमीटरवर आहे आणि तिथून सिंगापूर दीड तासाचं उड्डाण. तिकीट तुमच्या खर्चाने.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवल्यात तर सकाळी गटाचा नंबर येईपर्यंत थांबावं लागतं. स्वतः उचलून नेणार असाल तर आधी सोडतात. तरी चांगीचं विमान दुपारी १ च्या आधीचं घेऊ नका. आणि रात्री बॅग बाहेर ठेवण्याआधी सकाळचे कपडे, चपला आणि औषधं काढून घ्या, नाहीतर नाश्त्याला रात्रीच्याच कपड्यांत जावं लागतं.