सात नवरे, तीन रंगांच्या गोळ्या आणि पाचवा रकाना

जानेवारीत मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं होतं की वर्षभरात नट्यांच्या भानगडींच्या बारा कादंबऱ्या वाचणार. ऑक्टोबर संपत आला. वहीत पाच पूर्ण, एक अर्ध्यावर टाकलेली, आणि एक ‘ही धरायची का?’ असं पेन्सिलीने लिहून ठेवलेली. बाराचा नाद सोडला आहे, हसायचं ते हसून घ्या.

नवीन मंडळींसाठी वहीची पद्धत सांगते. प्रत्येक पुस्तकाला एक पान आणि पानावर पाच रकाने: नवरे-यार किती, नशा कसली, आई कशी, बातमी कोण फोडतं, आणि पाचवा ‘खरी कोण?’, म्हणजे पात्र कोणत्या खऱ्या माणसावरून बेतलंय. हा पाचवा रकाना म्हणजे या छंदाची अर्धी गंमत, असं मी इतकी वर्षं मानत आले. सप्टेंबरात त्यावर आडवी रेघ मारली. ते का, ते सांगायचं आहे.

सुरुवात शोभा डे यांच्या ‘स्टारी नाइट्स’ने केली, म्हणजे दुसऱ्यांदा. पुस्तक १९९१चं. पहिल्यांदा कॉलेजात असताना वाचलं तेव्हा वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं आणि कव्हरावर ‘अर्थशास्त्र’ लिहिलं होतं. यंदा डोंबिवलीहून सकाळच्या लोकलमध्ये उघड्यावर वाचलं. शेजारच्या काकू दोन स्टेशनं माझ्याबरोबरीने वाचत होत्या. मी पान जरा लवकर उलटलं तर म्हणाल्या, “अगं थांब की!”

तेव्हा मुंबईत ज्याने त्याने या पुस्तकातली माणसं ओळखायचा खेळ खेळला होता. साहजिकच आहे. लेखिका राजाध्यक्षांची मुलगी, आधी मॉडेल, मग १९७१मध्ये निघालेल्या ‘स्टारडस्ट’ या सिनेमासिकाची संपादक. पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर राजेश खन्नाने गुपचूप लग्न केलंय का, हा प्रश्न. अशा बाईने कादंबरी लिहिली तर लोक नावं शोधणारच. माझ्याही जुन्या यादीत आठ नावं होती. यंदा ती समोर ठेवून वाचायला बसले आणि पहिली शंभर पानं अक्षरशः वाया गेली. कोणी पुरुष खोलीत शिरला की मी थांबणार, उंची जुळते का बघणार, बायको जुळते का बघणार. तोवर नायिका आशा राणी बिचारी पुढच्या संकटात.

यादी बाजूला ठेवली तेव्हा अम्मा दिसली. मद्रासहून पोरीला मुंबईत आणणारी, निर्मात्यांच्या दारात उभी करणारी आई. विशीत मी तिला खलनायिका म्हणून एका ओळीत निकालात काढलं होतं. या वेळी तिच्यावर दीड पान लिहिलं. आणि लिंडा! सिनेमासिकाची ती वार्ताहर मैत्रीण म्हणून येते, ऐकून घेते, छापते, आणि पुन्हा मैत्रीण म्हणून येते. ज्या बाईने स्वतः असं मासिक चालवलं, तिनेच लिंडा लिहिली आहे. पहिल्या वाचनात ही बाब माझ्या डोक्यावरून गेली, कारण मी हिरो मोजत होते.

जॅकी कॉलिन्सची दोन झाली: ‘हॉलीवूड वाइव्ह्ज’ (१९८३) आणि ‘हॉलीवूड हजबंड्स’ (१९८६). दुसऱ्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, सुट्टीत एका बैठकीत संपतं. पहिलं मात्र मजेदार. उतरती कळा लागलेल्या नटाची बायको एलेन कॉन्टी एका पार्टीची तयारी करते, तो भाग मी दोनदा वाचला. कुणाला बोलवायचं, कुणाला नाही, कोण आलं तर कोण येणार नाही. आपल्याकडच्या लग्नातल्या मानपानाच्या यादीहून काडीचाही फरक नाही, फक्त पोहण्याचा तलाव जास्तीचा. जॅकी ही नटी जोन कॉलिन्सची धाकटी बहीण, त्यामुळे तिचं निरीक्षण आतल्या गोटातलं. तिचं १९६८चं पहिलं पुस्तक सोज्वळ प्रेमकथा लिहिणाऱ्या बार्बरा कार्टलंडबाईंना गलिच्छ वाटलं होतं, यातच सगळं आलं.

हॅरल्ड रॉबिन्सचं ‘द कार्पेटबॅगर्स’ (१९६१) दीडशे पानांवर सोडलं. उद्योगपती हॉवर्ड ह्यूज आणि नटी जीन हार्लो ओळखू आले, बाकी कोणाचं काय होतंय याच्याशी मला काही देणंघेणं उरलं नाही. ‘खरी कोण?’ रकाना भरलेला आणि बाकी पान कोरं, असं हे एकच पुस्तक.

जुलैचा अख्खा महिना जॅकलिन सुझॅनच्या ‘व्हॅली ऑफ द डॉल्स’ने खाल्ला. १९६६चं पुस्तक, गोष्ट १९४५पासून पुढे वीस वर्षांची, मुली तीन: अ‍ॅन, नीली, जेनिफर. नावातल्या डॉल्स म्हणजे बाहुल्या नव्हेत, गोळ्या. लाल, पिवळ्या, निळ्या. तिन्ही झोपेच्या. (नशेच्या रकान्याला जागा पुरली नाही, वेगळा कागद डकवला.) सुझॅनचं मला सगळ्यात भावतं ते तिचं कारखानदारासारखं काम. प्रत्येक खर्डा वेगळ्या रंगाच्या कागदावर. पुस्तक बाजारात आल्यावर गावोगावच्या दुकानदारांना जातीने भेटायची, पुस्तकं वाहणाऱ्या ट्रकवाल्यांनाही नाश्ता घेऊन गाठायची. आणि हे सगळं कर्करोगाचं दुखणं चारचौघांपासून लपवून. १९७४मध्ये ती गेली. दुसऱ्यांची गुपितं विकणारी म्हणून जिला नावं ठेवली, तिने स्वतःचं गुपित असं जपलं.

याच पुस्तकाने पाचव्या रकान्याचा पाया खिळखिळा केला. नीली म्हणजे नटी-गायिका जूडी गार्लंड, असं तेव्हा सगळे म्हणत. १९६७च्या चित्रपटासाठी खुद्द जूडी गार्लंडलाच घेतलं, पण नीली म्हणून नाही, तर हेलन लॉसन या वयस्क, खाष्ट नटीच्या भूमिकेत. मग तिला काढून टाकलं आणि ते काम सुझन हेवर्डकडे गेलं. म्हणजे जिच्यावरून पात्र बेतलं असा बोभाटा, तिला बोलावून वेगळाच मुखवटा दिला आणि तोही काढून घेतला. हे कळल्यावर वहीत ‘नीली = ?’ लिहायला हात धजेना.

ऑगस्टमध्ये टेलर जेंकिन्स रीडचं ‘द सेव्हन हजबंड्स ऑफ एव्हलिन ह्यूगो’ (२०१७). तुमच्यातल्या निम्म्यांनी ते केव्हाच वाचलंय, मीच उशिरा आले. एकोणऐंशी वर्षांची एव्हलिन एका तरुण पत्रकार मुलीला आयुष्य सांगते, पुस्तकाच्या भागांना एकेका नवऱ्याचं नाव आणि त्याच्या आधी विशेषण. मी शेवटचा डाव मांडला. सात नवरे म्हणजे एलिझाबेथ टेलर: लग्नं आठ, पण रिचर्ड बर्टनशी दोनदा, म्हणून नवरे सात. केस रंगवून आपलं कूळ झाकणं ही रिटा हेवर्थ, माहेरची कान्सिनो. पत्रकाराला बसवून सगळं सांगणं ही आव्हा गार्डनर, जिच्या गप्पांचं पुस्तक ती आणि तिचा पत्रकार दोघंही गेल्यावर २०१३मध्ये निघालं. एका बाईत तीन बायका! म्हणजे कोणीच नाही.

आणि त्या पुस्तकात एव्हलिन एक बातमी झाकायला दुसरी बातमी मुद्दाम घडवते. (कुठली ते सांगत नाही, शिव्या बसतील.) तेव्हाच्या स्टुडिओंच्या करारात नीतिमत्तेचं कलम असे, १९२१मध्ये विनोदी नट आर्बकल एका नटीच्या मृत्यूच्या प्रकरणात अडकला, त्यानंतर ते आलं. एक चुकीची बातमी आणि काम बंद. त्यामुळे बातमी शिजवणं हे मेकअपइतकंच रोजचं काम. हे वाचताना मला माझी वही दिसली. पाचवा रकाना भरणारी मी म्हणजे लिंडाची वर्गणीदार. रेघ मारली.

आता ती पेन्सिलवाली नोंद. नणंदेच्या कपाटात हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ सापडलं. कादंबरी नव्हे, आत्मकथन, अरुण साधूंनी शब्दांकन केलेलं, १९७०चं. रतन साळगावकर नावाची मुलगी, म्हणजे हंसाबाईच, घरासाठी लहानपणीच सिनेमात येते, १९४१मध्ये ‘संत सखू’ होऊन लोकांच्या पाया पडण्याजोगी होते, आणि पडद्यामागे दारू, पुरुष, मार, एकटेपण. ते ती स्वतः सांगते, आवाज न चढवता. श्याम बेनेगलांची ‘भूमिका’ यावरूनच. कादंबऱ्यांच्या रांगेत हे ठेवावं का, यावर माझं अजून ठरत नाही. चारातले तीन रकाने भरले, आईच्या रकान्यात तर सगळ्यात जास्त लिहिलं. ओळखायचं काही नाही, बाई स्वतःच्या नावानिशी समोर बसली आहे. पहिल्या रकान्यात यारांचा आकडा मात्र लिहवेना. तिथे डॅश ठेवलाय.

पुढचं: चंद्रकांत काकोडकरांची ‘नीलांबरी’ मिळाली आहे. ‘दो रास्ते’ तिच्यावर निघाला, पण नायिका नटी नाही, म्हणजे नियमात बसत नाही. तरी दिवाळीत वाचणारच. नटीवरची जुनी मराठी कादंबरी कुणाच्या माळ्यावर असेल तर सांगा, पोस्टाचा खर्च माझा. मुखपृष्ठ फाटकं चालेल. शेवटची पानं मात्र असू द्या, मागच्या वेळी रद्दीतून आणलेल्या पुस्तकाची नेमकी तीच नव्हती आणि लग्न झालं की नाही ते अजून कळलेलं नाही.