मफलर सोडून गोल गळपट्टा का विणता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. परभणीत थंडीची चाहूल लागली आणि माझ्या हातात लोकर-सुया दिसू लागल्या की ओळखीची माणसे एकच प्रश्न दोन तऱ्हांनी विचारतात. कुणी म्हणते, ‘ताई, आपला मुलूख उन्हाचा, इथे गळ्यात लोकर घालून कोण फिरणार?’ ज्यांना इथली थंडी मान्य आहे ते म्हणतात, ‘विणायचाच तर सरळ लांब मफलर विणावा, ही दोन्ही टोके जोडलेली गोल वस्तू कशाला?’ मी या वस्तूला गळपट्टा म्हणते. आपल्या भागातली थंडी आणि आपल्या माणसांची कामे या दोन्हींना मफलरपेक्षा तोच अधिक मानवतो, असे माझे ठाम मत आहे.

मराठवाड्याचा उन्हाळा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पहाटेची थंडी मात्र ज्याने सोसली त्यालाच कळते. समुद्र दूर, हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता भराभर सोडून देते, आणि तिला अडवायला ना ढग असतात ना हवेत पुरेसे बाष्प. उत्तरेकडचे गार वारे सुटले की गारठा आणखी वाढतो. आमच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत काही हिवाळ्यांत पारा पाच अंश सेल्सिअसच्याही खाली उतरल्याची नोंद आहे. अशा पहाटे हुडहुडी भरते, आणि त्याच दिवशी दुपारी अंगावरचा स्वेटर नकोसा होतो. म्हणून इथे गरम कपडा असा हवा की जो ऊन वर आल्यावर डोक्यावरून एका हाताने काढता येईल आणि खिशात किंवा पिशवीत मावेल. स्वेटर दिवसभर सांभाळत बसावा लागतो, गळपट्टा सांभाळावा लागत नाही.

दुसरे कारण मला याहून मोठे वाटते. मफलरला दोन मोकळी टोके असतात आणि आपल्याकडे पहाटेची बरीच कामे फिरत्या यंत्राजवळ चालतात. शेतीला वीज रात्रपाळीची असली की गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस अंधारात मोटारीपाशी जातो. कुणी उजाडायच्या आत कडबाकुट्टी चालवतो. कुणी दुधाचे कॅन मोटारसायकलला अडकवून डेअरीकडे निघतो. दुचाकीवर मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी असावी, अशी तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहे. पदर आणि ओढणी अडकून होणारे अपघात किती भयंकर असतात हे आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. मळणी यंत्राच्या पट्ट्याजवळ वाकलेल्या माणसाच्या गळ्यातून मफलरचे टोक लोंबते तेव्हा धोका तोच असतो, आणि तो थेट गळ्याशी असतो. गोल गळपट्ट्याला लोंबणारे टोकच नसते. तो मानेला धरून बसतो, आणि गाडीवर वारा लागला की नाकापर्यंत वर ओढता येतो. नाकावर लोकर असली की श्वासाबरोबर आत जाणारी हवा थोडी ऊबदार आणि दमट होते. थंड, कोरड्या हवेने ज्यांचा दमा उचल खातो त्यांना याचा आराम पडतो.

आता विणीविषयी. मी दोन सुलट, दोन उलट हीच वीण सर्वांगाला ठेवते. या विणीचा कपडा रबरासारखा ताणला जातो आणि सोडताच पुन्हा आवळतो. शिवाय तिच्या उभ्या खाचांमध्ये हवा कोंडून राहते, आणि ऊब खरी त्या कोंडलेल्या हवेचीच असते. आठ नंबरची, म्हणजे चार मिलिमीटर जाडीची चाळीस सेंटिमीटर लांब गोल सुई (लवचीक तारेने दोन टोके जोडलेली) घ्यावी. (आपल्या दुकानांत सुयांचे जुने विलायती नंबर चालतात, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक.) मध्यम जाडीची लोकर असेल तर मोठ्या माणसासाठी ११२ टाके पुरतात, कारण या विणीला चारने भाग जाणारी संख्या लागते. पाच-सात वर्षांच्या मुलासाठी ९६ टाके घालावेत. उंची सव्वीस सेंटिमीटर ठेवली की वस्तू शंभर ग्रॅम लोकरीत होते आणि थोडी लोकर उरतेही.

मापाच्या बाबतीत बहुतेक जणी गळ्याला टेप लावतात. माप घ्यायचे ते डोक्याचे. प्रौढ माणसाचे डोके कपाळावरून मोजले तर साधारण छप्पन सेंटिमीटर भरते आणि गळपट्ट्याला तिथूनच खाली उतरायचे असते.

टाके घालून झाल्यावर सुईची दोन्ही टोके जोडण्याआधी सुई टेबलावर सपाट ठेवावी आणि टाक्यांची खालची कड बोटाने पूर्ण फेरीभर चाचपावी. ती कड सगळीकडे आतल्या बाजूला असली पाहिजे. मध्येच कुठे ती सुईवरून वळसा घेऊन बाहेर आली असेल आणि तशीच ओळ जोडली गेली, तर कपड्याला कायमचा पीळ बसतो आणि उसवण्यावाचून इलाज राहत नाही. ओळीच्या आरंभी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची गाठ सुईत अडकवावी, म्हणजे फेरी कुठे संपली ते कळते. गोल सुई मिळाली नाही तर घरातल्या जुन्या चार सुया काढाव्यात, ज्यांच्यावर आपल्या आज्या-मावश्या मोजे विणत. त्यांवरही हे काम उत्तम होते.

सगळ्यांत जास्त लक्ष शेवटच्या ओळीकडे द्यावे. टाके बंद करताना हात आपोआप घट्ट होतो, आणि मग इतकी लवचीक वीण असूनही वरची कड डोक्यातून उतरत नाही. मी त्या ओळीसाठी उजव्या हातात सहा नंबरची जाड सुई घेते, सुलटावर सुलट आणि उलटावर उलट विणतच टाके बंद करते, आणि दर वीस-पंचवीस टाक्यांनी कड दोन्ही हातांनी ताणून पाहते. ताणल्यावर धागा करकरला की तेवढे टाके सोडवून पुन्हा सैल घालावेत.

लोकर कोणती, हाही प्रश्न ओघाने येतोच. आपल्या बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुतांशी ॲक्रिलिक असते. ती स्वस्त, रंगाला पक्की आणि धुवायला सोपी असते, त्यामुळे शाळकरी मुलांसाठी मी तीच घेते. शेकोटीभोवती बसणाऱ्या माणसाला मात्र मी ॲक्रिलिक देत नाही. हुरड्याच्या आगटीतून उडालेली एक ठिणगी ॲक्रिलिकला पुरते. ते वितळते, पेटते आणि कातडीला चिकटते. खरी लोकर सहजी पेट घेत नाही आणि ज्योत दूर झाली की बहुधा आपोआप विझते. ओळखायची रीत सोपी आहे: धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून काडीपेटीच्या ज्योतीला लावावा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर ती लोकर. कडक काळा मणी झाला तर ॲक्रिलिक.

मग आपल्या घोंगडीची लोकर का नको? दख्खनी मेंढीची ती लोकर राठ असते. पाठीवर किंवा पायांवर तिच्यासारखे पांघरूण नाही, पण गळ्याची कातडी नाजूक असते आणि राठ तंतूंची टोके तिला टोचतात. मेरिनो मेंढीच्या लोकरीचा तंतू साधारण चोवीस मायक्रॉनपेक्षा बारीक असतो, म्हणून तो मऊ लागतो. ही लोकर महाग पडते हे खरे आहे. पण स्वेटरला लागते त्या मानाने इथे ती फारच थोडी लागते, आणि रात्री शेतात शेकोटीजवळ बसणाऱ्यासाठी तो खर्च मला योग्य वाटतो.

खऱ्या लोकरीचा गळपट्टा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावा, पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा आणि सावलीत आडवा पसरून वाळवावा. दोरीवर टांगला तर ओल्या वजनाने तो लांबतो. थंडी संपल्यावर न धुता ठेवला तर घामाच्या डागांवर कसर आधी लागते, म्हणून धुऊन, पूर्ण वाळवून, तोंड घट्ट बांधलेल्या पिशवीत ठेवावा.